कपाटातला उजेड

मित्रांनो, मी एक जुना प्रोजेक्टर आहे. जुना म्हणजे वापरून झिजलेला नव्हे हं! काही वस्तू हाताळून हाताळून जुन्या होतात आणि काही नुसत्या ठेवून ठेवून. मी ठेवून ठेवून जुना झालो. माझ्या अंगावर एक ओरखडा नाही, एक बटण ढिलं नाही. लोक याचं कौतुक करतात. मला मात्र याचंच वाईट वाटतं.

माझा जन्म कुठल्या तरी दूरच्या कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. एका खोलीत मला पहिल्यांदा पेटवलं, समोरच्या भिंतीवर पांढरा चौकोन उमटला, कोणीतरी मान डोलावली आणि मला खोक्यात घातलं. मग बोटीच्या पोटात बसून मी उरणजवळच्या मोठ्या बंदरात उतरलो. तिथून ट्रकनं मुंबईच्या दुकानात गेलो आणि गंमत बघा, दुकानातून फिरून पुन्हा त्याच बंदराशेजारच्या गावात आलो. एवढा वळसा घालून पोचलो कुठे, तर खाडीकाठच्या दोन खोल्यांच्या मराठी शाळेत. शाळेच्या मागच्या बाजूला तेव्हा मिठागरं होती. पुढच्या बाजूला कंटेनरच्या गाड्यांचा रस्ता होता.

मला या शाळेत आणलं बुधाजी घरत यांनी. ते याच शाळेत शिकले, याच मिठागरात लहानपणी राबले आणि पुढे त्यांच्या दारात कंटेनर वाहणारे स्वतःचे ट्रेलर उभे राहिले. आपल्या आईच्या नावानं शाळेला काहीतरी द्यावं, असं त्यांच्या मनात आलं. मला शाळेत आणलं त्या दिवशी नारळ फुटला, पेढे वाटले गेले आणि बुधाजींनी भाषण ठोकलं. "आमी फल्यावर शिकलो. आता पोरांना पिक्चरमधी शिकवा, सर. आपली शाला एकदम टॉप झाली पायजे. टेन्शन नाय घ्यायचं." टाळ्या पडल्या. मग पेंटर आला आणि लाल ऑइलपेंटनं माझ्या अंगावर लिहून गेला, 'कै. सोनूबाई घरत यांच्या स्मरणार्थ'. अक्षरं सुबक होती, पण ती रंगवताना हवा यायच्या जाळीची अर्धी भोकं बुजली. तेव्हापासून सोनूबाईंच्या नावानं माझा श्वास थोडा कोंडतो. त्या माउलीबद्दल माझी काही तक्रार नाही.

बुधाजींची स्वतःची नातवंडं मात्र पिवळ्या गाडीत बसून इंग्रजी शाळेत जात. ती गाडी रोज सकाळी आमच्या फाटकासमोरून जायची. पहिल्या वर्षी तिच्यात गावातली थोडीच मुलं होती.

आता आमच्या मुख्याध्यापकांविषयी सांगतो. गणराज सर तळा तालुक्यातले, भातशेती करणाऱ्या घरातले. माणूस देवासारखा. पोरांच्या अंगात ताप असला तर स्वतः मोटारसायकलवर मागे बसवून घरी सोडणारे. लहानपणी त्यांच्या घरी एकच कंदील होता आणि घासलेट मोजूनमापून मिळायचं. धडा वाचून झाला की आई वात खाली करायची आणि बाकीचं पाठांतर अंधारात करायचं. उजेड ही जपून वापरायची चीज आहे, हे त्यांच्या हाडात मुरलं होतं. अशा माणसाच्या हातात माझ्यासोबत आलेली पुस्तिका पडली. त्यांनी ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली आणि त्यांना कळलं, की माझ्यातला दिवा ठरावीक तासच जळतो. मग तो संपतो, आणि तसा दुसरा दिवा मिळणं कठीण.

"मोजका उजेड आहे याच्यात," ते म्हणाले. त्यांनी मला प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलं, लोखंडी कपाटात वरच्या कप्प्यात ठेवलं आणि चावी जानव्याला बांधावी तशी गळ्यातल्या दोऱ्यात अडकवली.

त्यानंतर मी बाहेर निघायचो ते साहेब तपासणीला येणार असले तर, नाही तर दसऱ्याला. दसऱ्याला पाटीपूजनाबरोबर माझीही पूजा व्हायची. झेंडूचा हार, अगरबत्ती, आणि गणराज सर स्वतःच्या बोटानं माझ्या भिंगाला हळदकुंकू लावायचे. अगदी मधोमध. मित्रांनो, तुमच्या डोळ्यात कोणी भक्तिभावानं कुंकू घातलं तर कसं वाटेल? पण त्यांच्या डोळ्यांत इतकी माया असायची, की मी गप्प बसायचो. नंतर कोणीतरी ते ओल्या फडक्यानं पुसायचं आणि थोडं कडेला राहून जायचं. दर वर्षी थोडं थोडं.

आमच्या शाळेत सुचिता मॅडम आल्या आणि माझं नशीब थोडं पालटलं. त्या दिवेआगरच्या, नारळी-पोफळीच्या वाडीत वाढलेल्या. बोलणं चुरचुरीत, साडीचा पदर कायम खोचलेला. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "सर, कपाटाची चावी देता?"

"कशाला?"

"मुलांना पाठ दाखवायचाय."

"पाठ पुस्तकात आहे की, मॅडम."

"पुस्तकात समुद्र निळा आहे, सर. आपला मातकट आहे. मुलं विचारतात, हा कुठला?"

सर हसले आणि चावी दिली नाही. पण सुचिता मॅडम चिकट होत्या. त्यांनी इंटरनेटवर फिरून फिरून पाठ गोळा केले. काही चांगले होते, बरेचसे नव्हते. कुठे आवाज परका, कुठे उदाहरणं परकी. बर्फ पडतोय, सफरचंदं लगडलीयत आणि आमची पोरं तोंड उघडं टाकून बघतायत. म्हणून त्यांनी ठरवलं, की आपला पाठ आपणच करायचा.

आमच्या शाळेत खिचडी शिजवायला ठमाबाई होत्या. अर्धं आयुष्य त्यांनी मागच्या मिठागरात काढलं होतं. पाय खारवलेले, टाचा फुटलेल्या, आणि आवाज असा की शाळेची घंटा बिघडली तरी चालावं. मॅडम त्यांना आणि सगळ्या मुलांना घेऊन मिठागरात गेल्या आणि मोबाइलवर पाठ चित्रित केला. त्याचं नाव ठेवलं, 'पाणी जातं कुठं?' त्यात ठमाबाई बांधावर उभ्या राहून सांगतात, "भरतीचं पानी आत घ्यायचं. घाई करायची न्हाय. या वाफ्यातून त्या वाफ्यात, हलूहलू. पानी उनान जातं, वाऱ्यान जातं. आनि जाताना मीठ ठेवून जातं." मागे मुलं ओरडतात, "पण जातं कुठं?" इथे मॅडमनी पाठ मुद्दाम थांबवला आहे. पडद्यावर नुसतं कोरडं होत चाललेलं वाफ्यातलं पाणी दिसत राहतं, म्हणजे वर्गात भांडायला वेळ मिळावा.

हा पाठ त्यांनी इंटरनेटवर सगळ्यांसाठी ठेवला. खाली लिहिलं, 'कोणीही घ्या, वापरा, बदला.'

त्या हिवाळ्यात आसपासच्या शाळांच्या शिक्षकांची शिक्षण परिषद आमच्या शाळेत भरली. पाहुणे येणार म्हणून गणराज सरांनी मला कपाटातून काढलं. मॅडमनी पेन ड्राइव्ह माझ्या पाठीत खोचला आणि मित्रांनो, मी वर्गाच्या भिंतीवर मिठागर उभं केलं! पांढरे ढीग, निळ्याकरड्या पाण्याचे चौकोन, ठमाबाईंचा खोचलेला काष्टा. भिंतीचा पोपडा जिथे निघाला होता तिथे नेमकं मीठ आलं होतं. माझ्या आयुष्यात मी इतका सुखी कधीच झालो नाही.

पाठ संपल्यावर चर्चा सुरू झाली. एक सर म्हणाले, "कल्पना उत्तम. पण भाषा खटकते. 'पानी' काय, 'न्हाय' काय?"

"त्यांच्या घरात तेच बोलतात, सर," मॅडम म्हणाल्या. "आधी पाणी कळू दे. ण नंतर शिकवते."

"आणि असं उघड्यावर टाकलंत, तर कोणी चोरलं म्हणजे?"

"चोरावं म्हणूनच तर टाकलंय!"

हशा पिकला. मग मागे बसलेल्या एक वयस्क बाई उठल्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "मला एक भीती वाटते. उद्या सगळंच असं भिंतीवर आलं तर आपण कशाला? वर्गात मूल रडलं तर हे यंत्र थांबणार आहे का?"

मॅडम म्हणाल्या, "नाही थांबणार. म्हणून ते थांबवायला मी तिथे उभी राहते. यंत्र शिकवतं असं मी कुठे म्हणते? मिठागर मला वर्गात आणता येत नाही, तेवढं ते आणतं. पुढचं काम आपलंच."

त्या वयस्क बाई मान हलवून खाली बसल्या. पटलं की नाही ते मला कळलं नाही. पण जाताना त्यांनी पाठ आपल्या मोबाइलवर मागून घेतला.

एवढ्यात ठमाबाई चहाची किटली घेऊन दारात आल्या. "झाला आमचा पिक्चर?" त्यांनी विचारलं. सगळे बघायला आले होते, फक्त ज्या पाठात होत्या त्या बाई चुलीपाशी होत्या. मॅडमनी पुन्हा लावायला हात पुढे केला. पण सोनूबाईंच्या नावाखाली जाळी कोंडलेली, मी चांगलाच तापलो होतो. गणराज सरांनी हात लावून बघितला आणि ते घाबरले. "राहू दे आता. दिवा जाईल. पुढच्या वेळी."

मॅडमनी मोबाइल पुढे केला. ठमाबाईंनी डोळे बारीक केले. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. "येवढ्याशा काचेत मना काय दिसतंय? माजं मीठागर मोठं हाय, बाई. भिंतीवर लावाल तवा बगीन." असं म्हणून त्या कप वाटू लागल्या.

ही पुढची वेळ यायला हवी होती, मित्रांनो. मी कपाटात बसून तिची वाट बघायला लागलो.

पुढे अधूनमधून मॅडम चावी मिळवत. पण ती मिळेपर्यंत खिचडीची वेळ होऊन ठमाबाई भांड्यांत अडकलेल्या असत, किंवा वीज गेलेली असे, किंवा सर म्हणत, "परवा साहेब येणार आहेत, तेव्हा लावू." साहेबांपुढे बाईंना कोण बसवणार?

तोवर आमचा पाठ मात्र गावोगाव हिंडत होता. कपाटाशेजारीच शिक्षकांचं टेबल होतं, म्हणून मला सगळं ऐकू यायचं. विदर्भातल्या एका गुरुजींनी तो घेतला आणि त्यात आपल्या अंगणातल्या वाळत घातलेल्या मिरच्या जोडल्या. मॅडम दिवसभर नाचत होत्या. आणखी कोणीतरी तो घेतला, ठमाबाईंचा आवाज काढून टाकला आणि त्या जागी एक गुळगुळीत, शुद्ध आवाज भरला. त्या दिवशी मॅडमनी तो पुन्हा पुन्हा लावून ऐकला. गणराज सर म्हणाले, "तुम्हीच लिहिलं होतंत ना, बदला म्हणून?"

"लिहिलं होतं," त्या म्हणाल्या. "दिलं ते दिलं. पण त्यांनी ठमाबाईंचं चित्र ठेवलं आणि बोलणं काढलं, सर. ओठ हलतायत आणि आवाज दुसरीचा."

मग तो मोठा आजार आला आणि शाळांना कुलपं लागली. त्याच वर्षी जूनमध्ये वादळ आलं. आमची कौलं उडाली आणि तिकडे दिवेआगरला मॅडमच्या वडलांच्या सगळ्या पोफळी एका दुपारीत आडव्या झाल्या. सगळा महाराष्ट्र तेव्हा मोबाइलवर शिकत होता म्हणे. आमच्या गावात एका घरात एक मोबाइल आणि तो बापाबरोबर ट्रेलरवर. मी एवढा मोठा उजेड पोटात घेऊन दोन पिशव्यांत बसून होतो. पिशव्यांत खारी दमट हवा अडकली होती. माझ्या भिंगावर आतून बुरशी धरायला लागली. पालीनं माझ्या पायाशी अंडी घातली. ती फुटली, पिल्लं निघून गेली. त्या दिवसांत मला तेवढीच सोबत होती.

शाळा उघडल्यावर सुचिता मॅडमनी घराजवळ बदली मागून घेतली. म्हाताऱ्या आईवडलांना आणि मोडलेल्या वाडीला त्यांची गरज होती. जायच्या दिवशी त्यांनी कपाट उघडून घेतलं, माझ्यावरची एक पिशवी काढली आणि पेन ड्राइव्ह माझ्या पाठीत खोचून ठेवला. "हा इथेच राहू दे, सर. एवढं एक करा. ठमाबाईंना दाखवा. त्यांचं राहिलंय."

"दाखवतो," सर म्हणाले. ते खोटं बोलले नव्हते. त्यांना खरंच दाखवायचं होतं. पण दिवा गेला तर काय, ही धास्ती रोज त्या इच्छेहून थोडी मोठी ठरायची.

मागच्या मिठागरात एक दिवस डंपर आले. मुरूम पडत राहिला, वाफे बुजले, बांध बुजले आणि त्यावर रंगीत कंटेनरांच्या थप्प्या उभ्या राहिल्या. सकाळची पिवळी गाडी आता खच्चून भरलेली असायची. वर्गातला आवाज बारीक होत गेला. पाढे म्हणणारा कोरस आधी घुमायचा, मग त्यातले वेगवेगळे आवाज ओळखू यायला लागले, आणि अखेर ते आवाज इतके थोडे उरले, की वरून आदेश आला. उरलेली मुलं शेजारच्या गावच्या शाळेत जातील. सामान केंद्रशाळेत जमा करा.

सामान न्यायला टेम्पो यायचा होता, त्या दुपारी शाळेत दोनच माणसं होती. गणराज सर, आणि पातेली घासून परत करायला आलेल्या ठमाबाई. यंत्र चालतंय याची खात्री करूनच पाठवा, असं सरांना सांगितलं होतं. म्हणून नाइलाजानं त्यांनी मला बाहेर काढलं. ठमाबाईंनी तांदळाची रिकामी पोती खिडक्यांवर अडकवून अंधार केला. सरांनी बटण दाबलं. मित्रांनो, इतक्या वर्षांनी मला स्वतःचीच खात्री नव्हती. पंखा कुरकुरला, जळक्या धुळीचा वास सुटला आणि मी पेटलो.

भिंतीवर मिठागर आलं. बुरशीमुळे ते धुक्यात असावं तसं पुसट होतं आणि कडेला दसऱ्याच्या कुंकवाची लालसर झाक होती. पण होतं. बांध होता, ढीग होते, आणि बांधावर ठमाबाई होत्या. "भरतीचं पानी आत घ्यायचं. घाई करायची न्हाय..."

खऱ्या ठमाबाईंच्या हातातलं पातेलं खाली ठेवायचं राहून गेलं. त्या भिंतीच्या इतक्या जवळ गेल्या, की त्यांची सावली वाफ्यावर पडली. मग त्या बाजूला झाल्या आणि त्यांनी भिंतीला हात लावला. पोपडा निघालेल्या जागी, जिथे मीठ होतं तिथे.

"ही नीराबाय," त्या म्हणाल्या. "माज्या मागं, डोईवर पाटी. गेली बिचारी. आनि हा उघाडीचा बांध, हितूनच भरतीचं पानी आत घ्यायचो. सर, याच्यावर आता ते निळं कंटेनर हाय."

मागे मुलं ओरडली, "पण जातं कुठं?" ती सगळी वेगवेगळ्या शाळांत पांगलेली मुलं. पाठ थांबला. भिंतीवर नुसतं पाणी उरलं. भांडायला वर्गात कोणी नव्हतं.

"परत लावू?" सरांनी विचारलं.

"लावा की."

त्यांनी परत लावला. मग पुन्हा लावला. मी तापत होतो, पण या वेळी त्यांनी हात लावून बघितलं नाही. मधेच त्यांनी बटणं दाबून माझ्या दिव्याचा हिशेब भिंतीवर आणला. किती तास जळला, किती उरला. "ठमाबाई," ते हळूच म्हणाले, "जवळजवळ सगळा शिल्लक आहे हो. एवढा जपला मी. सगळा उजेड शिल्लक आहे."

ठमाबाईंनी रिकाम्या बाकांकडे बघितलं. त्या रागानं बोलल्या नाहीत, साधं विचारल्यासारखं बोलल्या.

"मंग पोरं कुठं हायत, सर?"

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. सरांनी मला बंद केलं. खिडकीवरची पोती काढायला ते गेले आणि तिथेच पाठमोरे उभे राहिले.

आता मी केंद्रशाळेत आहे. इथे मुलं पुष्कळ आहेत. मधल्या सुट्टीत त्यांचा गलका ऐकू येतो. माझ्या अंगावर सोनूबाईंच्या नावाशेजारी एक कागद चिकटवला आहे, 'चालू स्थितीत'. तो चिकटवून त्यांनी मला नव्या कपाटात ठेवलं. कपाट चांगलं आहे, कुलूपही मजबूत आहे. पेन ड्राइव्ह अजून माझ्या पाठीत आहे. गणराज सर निवृत्त होऊन तळ्याला आपल्या गावी गेले. सुचिता मॅडम कुठल्या तरी शाळेत दुसरा पाठ करत असतील. ठमाबाईंचं काय चाललंय ते सांगायला इथे कोणी नाही.

मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या असं तुम्हाला सगळे सांगतात. मीही सांगतो. मला पुसा, धुळीपासून वाचवा, पाण्याजवळ ठेवू नका, आणि देवाशपथ, माझ्या भिंगाला कुंकू लावू नका. पण माझी सगळ्यात मोठी काळजी घ्यायची असेल तर मला वापरा. तापलो तर थोडा वेळ थांबा, मग पुन्हा लावा. एक दिवस माझा दिवा जाईल. जाऊ दे. तो तुमच्यासमोर गेला तर मला काही वाटणार नाही.

तुमच्याही शाळेत असं एखादं कपाट असेल. मधल्या सुट्टीत त्याच्याजवळ जा आणि सरांना, मॅडमना विचारा, याची चावी कोणाकडे आहे? मी आतून ऐकत असेन.